बिघाडाचा पत्ता सुरातच असतो

पुण्याच्या खराडीत नव्या सोसायटीत घर लावताना पहिला वाद होतो तो जुन्या सामानावरून. सागवानी कपाट, पितळी भांडी, आजोबांची आरामखुर्ची यांचा काहीतरी मार्ग निघतो; पण घरात जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असेल तर त्याचा निघत नाही. टेबलाएवढी रुंदी, दोन मजली पट्ट्या, खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांची रांग, आत स्पीकर आणि लिफ्टमध्ये मावेल की नाही अशी शंका यावी असे धूड. पुण्यात असे वाद्य येते ते बहुधा कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्यातून, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबाच्या दिवाणखान्यातून, नाहीतर अमेरिकेतून कायमचे परतलेल्यांच्या सामानातून. अनेकदा ते बंद असते आणि त्याच्यावरचा निकालही ठरलेला असतो: ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत.’ माझे म्हणणे असे की हा निकाल बहुतेक वेळा तपासाआधीच दिलेला असतो. या वाद्याची रचनाच अशी आहे की बिघाड कुठल्या भागात आहे हे ते मागची फळी उघडण्याआधीच सुरांतून सांगते, आणि खराब निघणारा भाग पुष्कळदा बुधवार पेठेत आजही सहज मिळणारा, चार पैशांचा असतो. दुरुस्ती पार्टपाशी कमी अडते, निदानापाशी जास्त.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटक आठवते. पायांनी भाता मारत वाजवायचा, पितळी पत्त्यांच्या सुरांचा तो ऑर्गन म्हणजे पायपेटी. तिच्यात वीज नाही. इथे विषय आहे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्याचा. त्याच्या घराण्याची सुरुवात 1935 साली, अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी बाजारात आणलेल्या ऑर्गनपासून धरता येते. त्यात दातेरी लोखंडी चकत्या चुंबकासमोर फिरत आणि त्यातून सूर निघत. 1939 मध्ये याच कंपनीने नोव्हाकॉर्ड नावाचे वाद्य काढले, त्यात फिरणारे काहीच नव्हते; 163 व्हॉल्व्ह आणि 72 पट्ट्या. फ्रान्समध्ये 1947 साली कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी क्लॅव्हिओलिन हे एका वेळी एकच सूर देणारे छोटे वाद्य तयार केले. ते आपल्या कानांवरून गेलेले आहे: 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन ही खरी पुंगी नव्हे, कल्याणजींनी वाजवलेले क्लॅव्हिओलिन आहे. पुढे ट्रान्झिस्टर आले, यामाहाचा पहिला इलेक्टोन 1959 मध्ये आला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत लाउरी, हॅमंड, यामाहा, फारफिसा यांचे घरगुती ऑर्गन अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या दिवाणखान्यांत पोचले. आपल्याकडच्या घरांत अधूनमधून आढळतात ते बहुतेक याच पिढीतले.

या पिढीच्या ऑर्गनचे पोट एका साध्या गणितावर चालते. सप्तकात बारा सूर, आणि कुठल्याही सुराची कंपनसंख्या निम्मी केली की तोच सूर खालच्या सप्तकात मिळतो. म्हणून कारखानदारांनी प्रत्येक पट्टीसाठी वेगळा सूर तयार केला नाही. सगळ्यात वरच्या सप्तकासाठी बारा आंदोलक बसवले, आणि प्रत्येकाच्या खाली निम्मे करणाऱ्या सर्किटांची साखळी लावली: पहिले निम्मे, त्याचे निम्मे, पुन्हा त्याचे निम्मे. इमारतीचे पाणी डोळ्यांसमोर आणले तर हे लगेच समजते. गच्चीवर टाकी, तिथून निघालेले बारा उभे पाइप, प्रत्येक मजल्यावर त्यांचा एकेक फाटा, शेवटी घरातला नळ. एकाच घराचा एकच नळ कोरडा असेल तर नळ बघायचा. पाचव्या मजल्यापासून खाली एकाच रांगेतली सगळी घरे कोरडी असतील तर त्या रांगेचा पाइप सहाव्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये तुंबलेला. आणि सगळी इमारत कोरडी असेल तर टाकी किंवा पंप. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या खराडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला हा तर्क शिकवावा लागत नाही. ऑर्गनही नेमका असाच वाचायचा असतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसणे. आवाजाचा प्रकार निवडणारा एकच खटका चालू ठेवायचा, डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबायची, आणि कुठला सूर नाही, कुठला अडखळतो, कुठला भलत्याच सप्तकात बोलतो हे लिहून ठेवायचे. मग दुसरा खटका, मग वरची पट्ट्यांची रांग, मग पायपट्ट्या. या तक्त्यातून जे दिसते ते असे. एकच पट्टी मुकी असेल आणि तोच सूर इतर सप्तकांत नीट असेल तर दोष बहुधा त्या पट्टीखालच्या संपर्कतारेत. समजा सगळे गंधार गेले, अगदी वरपासून खालपर्यंत, तर गंधाराचा आंदोलक गेला. मधल्या सप्तकापासून खालचेच गंधार गेले, वरचे शाबूत आहेत, तर निम्मे करणारी एक पायरी गेली आणि तिच्यामुळे खालच्या सगळ्या उपाशी राहिल्या. म्हणजे पाच पट्ट्या मुक्या असल्या तरी खराब भाग एकच. सगळे सूर आहेत पण ‘फ्लूट’चा खटका टाकला की शांतता, तर सूर तयार होण्यात काही चूक नाही; त्या आवाजाला आकार देणारी गाळणी किंवा खटकाच बघायचा. काही ऑर्गनांत, उदाहरणार्थ कॉन कंपनीच्या अनेक मॉडेलांत, प्रत्येक सुराला स्वतंत्र आंदोलक असतो. तिथे साखळीचा तर्क लागू होत नाही, पण तक्ता काढल्यावर तेही कळतेच. दुकानात ‘अर्धे सूर गेलेत’ एवढे सांगणारा माणूस आणि हा तक्ता पुढे ठेवणारा माणूस यांच्या कामाच्या वेळेत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

सत्तरच्या दशकात बारा आंदोलकांची जागा एका चिपने घेतली. मॉस्टेक कंपनीची एमके 50240 ही त्यातली प्रसिद्ध चिप. तिला साधारण 20 लाख हर्ट्झची एकच घड्याळी लहर द्यायची. चिप त्या लहरीला 239 पासून 478 पर्यंतच्या तेरा आकड्यांनी भागते आणि वरच्या सप्तकाचे सगळे सूर देते. यात दोषाचा चेहरा बदलतो. बारा आंदोलकांच्या ऑर्गनमध्ये एकच सूर उतरू शकतो. तिथे प्रत्येक आंदोलकाच्या गुंडाळीत एक फेराइटचा गाभा असतो, तो फिरवला की त्या सुराची सगळी सप्तके एकदम जुळतात. पेटी जुळवणाऱ्याला एकेक पत्ती खरवडावी लागते. इथे अख्खे वाद्य बारा गाभ्यांवर सुरात येते. फक्त लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा नाही, गाभा तडकतो. प्लॅस्टिकचा पाना हवा. चिपवाल्या ऑर्गनमध्ये मात्र एकटा सूर उतरणे संभवत नाही. सगळे वाद्यच चढले किंवा उतरले, तर तिला लहर देणारा एकमेव आंदोलक आणि त्याचा वीजपुरवठा तपासायचा. चिपच मेली तर सगळे संपले असे पूर्वी मानत. आता तिच्या जागी बसणारे मायक्रोकंट्रोलरचे छोटे बोर्ड हौशी लोकांनी तयार केले आहेत.

आता प्रत्यक्ष दोष. सर्वांत जास्त तक्रारी निघतात त्या धुळीच्या, आणि हे सांगताना दुरुस्ती करणाऱ्याला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण त्याने विद्वत्ता दाखवावी असे यात काही नसते. पट्टी दाबली की तिच्याखालच्या केसासारख्या बारीक तारा एका आडव्या दांडीला टेकतात; त्या टेकण्यावर सूर अवलंबून. त्या दांडीवर पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात नगर रस्त्याच्या बांधकामांची धूळ बसते, आणि वर्षानुवर्षे न वाजवल्याने काळपट थर चढतो. पट्टी जोरात, पुन्हा पुन्हा दाबल्यावर सूर खरखरत परत येत असेल तर दोष हाच. उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा खास संपर्क साफ करायचा स्प्रे, मऊ ब्रश आणि सबुरी. हॅमंडच्या कित्येक मॉडेलांत ही दांडी एका स्क्रूने थोडी सरकवता येते, म्हणजे तारा कोऱ्या जागेवर टेकतात. कारखान्यानेच करून ठेवलेली ही सोय अनेकांना माहीत नसते. जे करायचे नाही तेही सांगितले पाहिजे: गंजलेल्या बोल्टवर मारायचे तेलकट स्प्रे आत मारू नयेत. त्या दिवशी सूर बोलतो, आणि पुढच्या हंगामात त्या तेलावर धूळ बसून आठ-दहा पट्ट्या बंद पडतात. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही हॅमंडमध्ये पट्ट्यांखाली फोम वापरला होता. तो वितळून चिकट होतो, तारा खातो आणि काम खरोखरच वाढवतो. उंदरांचे तर विचारूच नका. मागची फळी सैल असलेला ऑर्गन म्हणजे त्यांच्यासाठी तयार घर.

दुसरा मोठा आरोपी म्हणजे वीजपुरवठ्यातला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आतला द्राव काळाबरोबर सुकतो. कारागिरांचा ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. तो सुकला की ऑर्गन गुणगुणतो. इथेही कान उपयोगी पडतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर पूर्ण लहर वळवणारा पुरवठा असेल तर सुकलेल्या कंडेन्सरची गुणगुण 100 हर्ट्झची येते, म्हणजे खालच्या पांढऱ्या पाचच्या आसपास, किंचित वर. तीच त्याच्याही एक सप्तक खाली, 50 हर्ट्झवर ऐकू आली तर आधी अर्थिंग आणि आवरणाच्या तारा बघाव्यात. हौशी मंडळींत अशी एक शिफारस सर्रास चालते की जुने वाद्य हातात आले की त्यातले सगळे कंडेन्सर सरसकट बदलून टाका. ती मला पटत नाही. एका घरगुती ऑर्गनमध्ये शेकडो कंडेन्सर असतात. त्यातले विजेच्या पुरवठ्यातले आणि ध्वनिवर्धकातले थोडे खरे म्हातारे झालेले, आणि आवाज घडवणाऱ्या गाळण्यांमधले बाकीचे पुष्कळसे फिल्मचे, अजून ठणठणीत. सरसकट बदलात चार ठिकाणी सोल्डर नीट बसत नाही, तांब्याच्या दोन रेषा बोर्डावरून उखडतात, आणि जुन्या एका दोषाच्या जागी नवे तीन येतात. त्यांपैकी कुठला मूळचा आणि कुठला आपल्या हातचा, हे मग कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी पुरवठ्याचे व्होल्ट मापायचे, वीजपुरवठ्यातले कंडेन्सर बदलायचे, वाद्य काही दिवस वाजवायचे, आणि मगच पुढचा विचार.

काही दोष इतके क्षुल्लक असतात की त्यांच्यापायी ऑर्गन भंगारात गेला तर हळहळ वाटावी. आवाज कमी-जास्त करायला उजव्या पायाखाली एक पायटा असतो. पुष्कळ ऑर्गनांत त्याच्या पोटात एक छोटा दिवा आणि समोर प्रकाश ओळखणारा घटक असतो. पायटा हलला की मधला पडदा सरकतो आणि पडणाऱ्या उजेडाप्रमाणे आवाज बदलतो. दिवा गेला की उजेड नाही, उजेड नाही म्हणून आवाज नाही. सगळे खटके चालू, सगळे दिवे लागलेले, आणि वाद्य पूर्ण मुके: याचे कारण कित्येकदा तो एवढासा दिवा असतो. तसेच बोर्डांना जोडणारे प्लग. ते एकदा काढून परत घट्ट बसवले तरी अर्धे दुखणे पळते. ‘हॉल’चा घुमारा देणाऱ्या डब्यातली स्प्रिंग वाहतुकीत निसटलेली असते, दोन नाजूक आकडे पुन्हा अडकवले की झाले. मुंबईहून किंवा परदेशातून आलेला ऑर्गन इथे उतरल्यावर बंद पडला असेल तर आधी याच तीन गोष्टी बघाव्यात, कारण प्रवासाने ट्रान्झिस्टर मरत नाही, जोड सुटतात.

परदेशाचा विषय निघाला आहे तर विजेचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण यात भलेभले फसतात. अमेरिकेतली वीज साधारण 120 व्होल्टची आणि 60 हर्ट्झची. आपली 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो आणि तो लावला की प्रश्न मिटला असे सगळे समजतात. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. ट्रान्झिस्टरच्या ऑर्गनला याने फारसा फरक पडत नाही. त्याचे सूर त्याचे स्वतःचे आंदोलक ठरवतात, आतला मूळ ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो एवढेच. चकत्यांच्या हॅमंडची गोष्ट वेगळी आहे. लॉरेन्स हॅमंड मूळचे विजेच्या घड्याळांचे कारखानदार होते. घड्याळाचा काटा ज्या मोटारीने अचूक फिरतो, तीच विजेच्या कंपनांशी जखडलेली मोटार त्यांनी ऑर्गनमध्ये वापरली. 60 हर्ट्झवर ती मिनिटाला 1200 फेरे घेते. इथल्या विजेवर 1000. म्हणजे प्रत्येक सूर पाच-षष्ठांश होतो. पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येते, तीही जराशी उतरलेली. ‘ऑर्गन बेसूर झाला’ म्हणून अशा वाद्याची सोल्डरिंग आयर्नने चिरफाड करणे हा शुद्ध अन्याय, कारण त्यात बिघाड नाहीच. ते दुसऱ्या देशाच्या विजेवर बेतलेले आहे. 50 हर्ट्झच्या देशांसाठी कंपनी वेगळी मॉडेले देत असे. अमेरिकन मॉडेल असेल तर त्याच्या मोटारीला 60 हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर लावणे हा एक उपाय. त्या मोटारीला आणि चकत्यांना वर्षाकाठी ठरावीक तेल मात्र हवेच. ते न घातल्याने अडकलेली चकत्यांची पेटी सोडवणे हे खरोखर नाजूक काम आहे.

इथपर्यंत वाचून कोणी स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी एक हरकत ऐकायला हवी: हे सगळे सामान्य माणसाला सांगणे धोक्याचे नाही का? व्हॉल्व्हच्या ऑर्गनपुरती हरकत रास्त आहे. त्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्तही दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर तो धरून ठेवतात. अशा वाद्याची मागची फळी घरच्या माणसाने उघडूच नये. पण तक्ता काढायला, गुणगुण ओळखायला, खटके दहा-वीसदा वर-खाली करून बघायला फळी उघडावी लागत नाही. निदानातला मोठा भाग खुर्चीत बसूनच होतो. मूळची वायर कडक होऊन तडकलेली असेल तर प्लग लावण्याआधीच ती बदलून घ्यावी आणि अर्थिंगचा तिसरा पाय जोडून घ्यावा. अनेक वर्षे बंद असलेला ऑर्गन थेट भिंतीच्या सॉकेटला न लावता कारागीर सिरीज बोर्डावर लावतात: साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब मधे जोडलेला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वाद्य वाचते. एलईडीच्या दिवसांत ऑर्गनच्या पार्टपेक्षा हा जुना बल्बच शोधावा लागतो. एलईडी इथे चालत नाही. बल्बच्या तारेचा विरोध हाच तर सगळा उपाय आहे.

पार्ट मिळत नाहीत या मूळ आक्षेपाकडे आता वळू. तो खोटा नाही, पण उलट्या दिशेने खरा आहे. लोकांना वाटते की वाद्य जितके जुने तितकी दुरुस्ती अवघड. प्रत्यक्षात 1955 च्या ऑर्गनपेक्षा 1985 चा ऑर्गन दुरुस्त करणे कठीण असते. व्हॉल्व्ह आजही तयार होतात. ट्रान्झिस्टरच्या आंदोलकात साधे, सर्वत्र मिळणारे घटक असतात. मूळ जर्मेनियम ट्रान्झिस्टर नसला तरी जोडणीत थोडा फेरफार करून सिलिकॉनचा बसवता येतो. सूर निम्मे करणाऱ्या चिपच्या जागी, व्होल्ट आणि पायांची जुळणी करून, सीडी 4024 ही सामान्य चिप चालते. अडचण सुरू होते ती पुढे, जेव्हा कंपन्यांनी आपले सगळे सर्किट एका खास चिपमध्ये बंद केले, तिचा नंबरही स्वतःचा ठेवला आणि नंतर ती बनवणे थांबवले. तिथे तक्ता बिघाडाचा पत्ता सांगतो, पण त्या पत्त्यावर जाता येत नाही. तेव्हा ऑर्गन दुरुस्त होईल का, हे ठरवताना त्याचे वय विचारण्यापेक्षा त्याची रचना किती उघडी आहे हे बघावे. जुन्या कंपन्यांपैकी कित्येकांनी सर्किटचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असे. आज हे क्वचितच दिसते. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले; त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे धरली आहेत. वाद्यांचा त्यात वेगळा विचार नाही. मला हे चुकल्यासारखे वाटते, कारण माणूस मोबाइल तीन वर्षांनी बदलतो, वाद्य बदलत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसराच आहे: हा सगळा खटाटोप कशासाठी? हॅमंडचा, फारफिसाचा हुबेहूब आवाज देणारे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालते, कीबोर्ड काखेत मारून नेता येतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने तेच करावे. रिहर्सल आणि कार्यक्रमासाठी पावणेदोनशे-दोनशे किलोचा हॅमंड बी-3 जिन्यावरून चढवण्यात काही शहाणपण नाही. पैशाच्या हिशेबातही हा आक्षेप बऱ्याचदा जिंकतो. घरगुती ऑर्गनला पुनर्विक्रीची किंमत जवळजवळ नसते. पण घरात आधीच असलेल्या वाद्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तिथे निवड नवा कीबोर्ड की जुना ऑर्गन अशी नसून, एक दिवा, चार कंडेन्सर आणि दोन दिवसांची साफसफाई की भंगार अशी असते. शिवाय दोन हात दोन रांगांवर, डावा पाय खर्जावर आणि उजवा पाय आवाजावर ही शिस्त ज्याला शिकायची आहे, त्याला पाच सप्तकांचा कीबोर्ड ती शिकवत नाही. तिसरी गोष्ट शिक्षणाची. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला कंपन, भागाकार, गाळणी आणि वर्धक हे एकाच लाकडी पेटीत, डोळ्यांना दिसतील आणि कानांना कळतील असे मांडलेले याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मोबाइल उघडून त्याला यातले काहीही दिसणार नाही.

मग हे काम करणार कोण? तंबोरा-मशीन, कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर पुण्यात आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी अख्खा ऑर्गन कधी उघडलेला नसतो, म्हणून ते बिचकतात. सर्किटचा नकाशा आणि बिघाडाचा तक्ता समोर ठेवला की त्यांची भीती निम्मी होते, कारण एकेक भाग त्यांच्या ओळखीचाच असतो. सुटे भाग बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, तिथे नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. आणि खराडीचे एक खास भांडवल आहे. इऑन आयटी पार्कपासून आसपासच्या टॉवरांपर्यंत इथे हजारो माणसे दिवसभर हेच काम करतात: यंत्रणेच्या लांबलचक साखळीत चूक कुठून सुरू झाली ते लक्षणांवरून मागे मागे जात शोधणे. ती सवय कोडपुरतीच आहे असे समजण्याचे कारण नाही. सोल्डरचा हात कारागिराचा आणि शोधाची शिस्त इंजिनिअरची, अशी जोडी जमली तर सोसायटीतला ऑर्गन वाजू शकतो. फक्त इंजिनिअरने एक मोह आवरावा: पट्ट्या तेवढ्या ठेवून आतले सगळे उपसून कॉम्प्युटरला जोडण्याचा. ज्याचे पोट खरोखर मेले आहे अशा वाद्यावर तो प्रयोग जरूर करावा, चालू होऊ शकणाऱ्यावर नको.

कुठे थांबायचे हेही आधी ठरवलेले बरे. लाकडाला वाळवी लागून पट्ट्यांची चौकट डगमगत असेल, पावसाचे पाणी बोर्डांवर साचून तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या असतील, किंवा बंद पडलेली चिप कंपनीची खास असेल आणि तिचा पर्याय कोणी बनवलेला नसेल, तर तो ऑर्गन सोडून द्यावा. त्यावर आणखी खर्च करणे हा हट्ट ठरेल. पण सोडून देण्याचीही रीत आहे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी सर्किटचा नकाशा, पट्ट्यांचे संच, घुमाऱ्याचा डबा, पायटा आणि सॉकेटमधल्या चिपा काढून, मॉडेलचा नंबर लिहून, एका खोक्यात ठेवा आणि वाद्य दुरुस्त करणाऱ्या कोणालाही ते खोके द्या. त्याच मॉडेलचा दुसरा एखादा ऑर्गन त्यावर चालू होऊ शकतो. उरलेले बोर्ड भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते.